वाढलेले एन्झाइम आणि वाढवायची पावडर

ताई, स. न. वि. वि.

आम्ही इचलकरंजीत राहतो. आमचे मिस्टर एका प्रोसेसमध्ये, म्हणजे विणलेलं कापड धुऊन रंगवतात त्या कारखान्यात, सुपरवायझर आहेत, वय ५१. विम्यासाठी रक्त तपासलं तर एसजीपीटी ८८ आणि एसजीओटी ५४ आलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘लिव्हरचे एन्झाइम वाढलेत. सोनोग्राफी करून घ्या, दीड-दोन महिन्यांनी परत बघू.’’ हे कळल्यावर पुण्याच्या वन्सं एन्झाइमच्या पावडरीचा डबा घेऊन आल्या, १८५० रुपयांचा. डब्यावर लिहिलंय, ‘शरीरातील एन्झाइम वाढवते’. मी म्हटलं, वाढलेत म्हणून तर काळजी, मग आणखी वाढवायचे कशाला? त्या म्हणतात, माणूस एन्झाइमचा ठरावीक साठा घेऊन जन्माला येतो, शिजवलेलं खाऊन खाऊन तो संपतो, म्हणून बाहेरून घ्यायचे आणि सकाळचं सगळं कच्चं खायचं. ह्यांचं तिसरंच. प्रोसेसमध्ये कापडाची खळ काढायला एन्झाइमचे कॅन येतात. ‘‘तेच माझ्या पोटात घालणार का?’’ म्हणून हसतात आणि मित्राने सांगितलेला गुळवेलीचा काढा मात्र रोज सकाळी न चुकता घेतात. दूध प्यायलं की त्यांना गॅस होतो, तोही एन्झाइमचाच दोष असं वन्सं म्हणतात. मुलगी अकरावी सायन्सला आहे. ती ‘जैविक उत्प्रेरक’ एवढं सांगून परत मोबाइलमध्ये डोकं घालते. एन्झाइम वाढवायचे की कमी करायचे, आणि वन्संना न दुखावता त्या डब्याचं काय करायचं, तेवढं सांगा.

— एक वाचक भगिनी, इचलकरंजी

*

ताई, नमस्कार.

आधी काढ्याचं. हे पत्र वाचून होईल त्या दिवसापासून तो बंद करायला सांगा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो किती दिवस आणि किती घेतला ते आपणहून सांगा. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशाच आणखी रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. वाद काय मिटायचा तेव्हा मिटेल. पण ज्याच्या रिपोर्टात यकृताची तक्रार दिसते आहे, त्याने यकृतावर काम करणारी कुठलीही गोष्ट, मग ती काढा असो, कॅप्सूल असो की ‘लिव्हर टॉनिक’, डॉक्टरांच्या नकळत घेऊ नये. माणसं गोळी सांगतात, काढा सांगत नाहीत. काढ्याला ती औषधात धरतच नाहीत.

आता तुमचा प्रश्न. ‘वाढलेत तर वाढवायचे कशाला’ हा प्रश्न मी आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवताना एखाद्या विद्यार्थ्याने विचारला असता तर मी त्याला वर्गात उभं करून शाबासकी दिली असती. तुमच्या घरात एन्झाइम या एका शब्दाने तीन वेगळ्या गोष्टी फिरताहेत: रिपोर्टातले, डब्यातले आणि कॅनमधले. जातीने तिन्ही एकच आहेत: रासायनिक क्रियेला वेग देणारे आणि स्वतः न संपणारे पदार्थ, म्हणजे तुमची मुलगी म्हणते ते ‘जैविक उत्प्रेरक’. फरक आहे तो त्यांच्या घडणीत आणि ते कुठे आहेत यात. मला सुरुवात कॅनपासून करू द्या, कारण मिस्टरांनी विनोद म्हणून सांगितलेली गोष्ट सगळ्यात कामाची आहे.

मागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला स्टार्चची खळ देतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. विणून झाल्यावर ती खळ काढावी लागते, नाहीतर रंग नीट बसत नाही. ती काढायला कॅनमधून जे ओततात ते अमायलेज. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. अमायलेज ती माळ मधेमधे तोडतं. तुकडे पाण्यात विरघळतात आणि धुऊन जातात. कापडाच्या धाग्याला काही होत नाही. खरं तर सूतही साखरेच्याच कणांची माळ आहे, फक्त त्यातले कण एकमेकांना वेगळ्या पद्धतीने जोडलेले आहेत. अमायलेजला तो जोड धरताच येत नाही. खळ कापायची आणि कापड सोडायचं, एवढी निवड त्याला डोळे नसताना जमते.

याच जातीचं अमायलेज तुमच्या-माझ्या लाळेत आहे. भाकरीचा कोरडा तुकडा गिळण्याची घाई न करता चावत राहा, थोड्या वेळाने गोडसर लागू लागतो. तोंडातही खळच निघत असते.

आमच्याकडे पहिल्या वर्षाला लाळेचं प्रॅक्टिकल असायचं. मुलांनी परीक्षानळीत थुंकायचं (यालाच निम्मा तास जायचा, मुली लाजायच्या, मुलं खिदळायची), त्यात पातळ पेज घालायची, नळी कोमट पाण्यात ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळाने एक थेंब काढून त्यावर आयोडिन टाकून बघायचं. स्टार्च असेल तर निळं. हळूहळू निळं फिकट होत जातं आणि शेवटी नुसता आयोडिनचा पिवळट रंग उरतो. एका वर्षी एका मुलाची नळी तास संपला तरी निळीच्या निळी. चेहरा पडलेला. ‘‘मॅडम, माझ्या लाळेत एन्झाइमच नाही. मला काही आजार असेल का?’’ मी पाहिलं तर पठ्ठ्याने लाळेची नळी कोमट पाण्याच्या भांड्याऐवजी शेजारच्या उकळत्या भांड्यात ठेवली होती. एन्झाइम होतं, पण त्याची घडी मोडली होती.

सगळं त्या घडीत आहे. एन्झाइम हे, थोडे अपवाद सोडले तर, प्रथिन असतं. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी एका ठरावीक क्रमाने ओवलेली माळ. लाळेतल्या अमायलेजमध्ये असे सुमारे पाचशे मणी असतात. पण माळ सरळ राहत नाही. कुठला मणी पाण्याला जवळ करतो, कुठला पाण्यापासून पळतो, कुणावर कसला विद्युतभार आहे, यानुसार ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि एक गोळा होतो. गोळ्याला एका बाजूला खाच असते. काम त्या खाचेत चालतं. माळेवर एकमेकांपासून शंभर मणी दूर असलेले दोन-तीन मणी घडी पडल्यावर तिथे शेजारी येऊन बसतात आणि आत आलेल्या रेणूला धरून तोडतात किंवा जोडतात. बाकीचे शेकडो मणी कशासाठी, असं विद्यार्थी विचारतात. त्या दोन-तिघांना नेमक्या जागी धरून ठेवण्यासाठी. उकळल्यावर मणी तुटत नाहीत, क्रमही बदलत नाही, पण घडी उलगडते आणि ते दोघे-तिघे पांगतात. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तशी ती घडी पुन्हा पडत नाही.

खाच आणि रेणू यांचं नातं कुलूप आणि किल्लीसारखं असतं असं जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये म्हटलं. मुलीच्या पुस्तकात ते असेलच. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंड यांनी त्यात सुधारणा केली: कुलूप अगदीच कडक नसतं, किल्ली आत आली की तेही थोडं आवळतं. चोळी शिवून आणली की अंगावर घातल्यावर जशी बसते तसं. हे सगळं अंदाजाचं होतं. पहिल्यांदा प्रत्यक्ष नकाशा मिळाला तो १९६५ मध्ये. लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने लायसोझाइम नावाच्या एन्झाइमची रचना काढली. हे आपल्या अश्रूंत असतं आणि जिवाणूंचं कवच फोडतं. त्यांना जे दिसलं ते खरोखरच एक खाच असलेला गोळा होता, आणि जिवाणूच्या कवचाची साखळी त्या खाचेत आडवी बसत होती.

एन्झाइम म्हणजे प्रथिन, हे तरी लोकांनी कुठे लवकर मानलं? जेम्स समनर या अमेरिकन संशोधकाने १९२६ मध्ये आपल्या अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएज या एन्झाइमचे स्फटिक काढून दाखवले आणि ते प्रथिन आहे असं सांगितलं. त्या काळातल्या मोठ्या मोठ्या जर्मन पंडितांनी त्याला उडवून लावलं. या गृहस्थांचा डावा हात सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात गेला होता, आणि ते मुळात डावरे. एका हाताने रसायनशास्त्र जमणार नाही असंही त्यांना सांगून झालं होतं. नोबेल मिळायला १९४६ उजाडलं.

हे एवढं लांबण का लावलं ते पावडरीपाशी कळेल. त्याआधी मिस्टरांना एक विचारा: तुमच्या प्रोसेसमध्ये एन्झाइमचं पाणी किती तापवता? बऱ्याच ठिकाणी ऐंशी-नव्वद अंशांवर काम चालतं. माझ्या त्या विद्यार्थ्याचं अमायलेज उकळत्या पाण्यात गारद झालं आणि कॅनमधलं इतक्या उष्णतेत खळ कापतं. कारण ते जिवाणूंपासून मिळवलेलं, वेगळ्या मण्यांचं आणि जास्त घट्ट घडीचं आहे. काम तेच, बांधणी वेगळी. आपल्या एन्झाइमची घडी ३७ अंशांच्या आसपास चालण्यासाठी बेतलेली आहे.

आणि शरीराला त्यांची गरज किती? शरीरातल्या रासायनिक क्रिया एन्झाइमशिवायही होतात, फक्त त्यांची वाट पाहायला कुणी जिवंत राहत नाही. आपल्या पेशी डीएनए आणि आरएनएचा कच्चा माल बनवतात, त्यातल्या एका पायरीचा वेग शास्त्रज्ञांनी मोजला. एन्झाइम नसेल तर निम्मं काम व्हायला ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील. एन्झाइम असेल तर सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. रक्तातल्या लाल पेशींत कार्बनिक अॅनहायड्रेज असतं. पेशींनी टाकलेला कार्बन डायऑक्साइड रक्तातून वाहून नेता येईल अशा रूपात ते बदलतं. त्याचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात असे बदल करतो, आणि तरी स्वतः तसाच शिल्लक राहतो. माग कापडात विणला जात नाही, तसंच. त्याच्या खाचेत जस्ताचा एक अणू बसलेला असतो, आणि खरं काम त्या अणूपाशी होतं. आहारात जस्त, मॅग्नेशियम आणि ब जीवनसत्त्वं लागतात ती बऱ्याच अंशी यासाठी. एन्झाइमच्या खाचेत बसून ती त्याचं हत्यार होतात. एन्झाइम शरीर स्वतः बनवतं, ही हत्यारं मात्र डाळी, शेंगदाणे, पालेभाज्या, दूध, अंडी यांतून आणून द्यावी लागतात.

आता ते कुठे असतात, याकडे वळू. एन्झाइमला आपला मालक ओळखता येत नाही. प्रथिन कापणारं एन्झाइम मटणही कापेल आणि ते बनवणारं अवयवही. म्हणून शरीर फार सांभाळून वागतं. जठरातलं पेप्सिन जठराच्या पेशी अर्धवट रूपात बनवतात. खाच झाकणारा एक तुकडा त्याला जोडलेला असतो. तो गळतो जठरातल्या आम्लात पोहोचल्यावर. स्वादुपिंड ट्रिप्सिन बनवतं तेही असंच, म्यान घातलेलं. म्यान काढणारं दुसरं एन्झाइम लहान आतड्याच्या अस्तरात बसलेलं असतं, म्हणजे तलवार निघते ती रणांगणात पोहोचल्यावरच. पित्ताच्या खड्याने वाट अडली किंवा दारूने घात केला आणि हे म्यान स्वादुपिंडातच निघालं, तर अवयव स्वतःला पचवू लागतो. तीव्र पँक्रियाटायटिस म्हणतात तो हाच, आणि ज्याने तो भोगलाय त्याला पोटदुखी या शब्दाचा खरा अर्थ कळलेला असतो. एन्झाइम चांगलं, जितकं जास्त तितकं बरं, असं डब्यावर लिहिणाऱ्यांनी त्या वॉर्डात एक चक्कर मारावी.

पेप्सिनला आम्ल लागतं, लाळेच्या अमायलेजला ते चालत नाही, ट्रिप्सिनला अल्कली हवं. प्रत्येकाचं घर ठरलेलं. एसजीपीटीचं घर आहे यकृताची पेशी.

एसजीपीटी हे जुनं नाव, नवीन रिपोर्टात एएलटी असं लिहितात. ऐकून ते काहीतरी विष असावं असं वाटतं, पण ते मोठं कष्टाळू एन्झाइम आहे. मिस्टरांनी संकष्टीचा कडक उपास केला, रात्री चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही, तरी रक्तातली साखर टिकते ना? स्नायू आपल्याकडचं थोडं प्रथिन अॅलॅनिन या अमिनो आम्लाच्या रूपाने यकृताकडे धाडतात. एएलटी त्यातला नायट्रोजनचा गट काढून दुसऱ्या रेणूच्या हवाली करतं, आणि जे उरतं त्यापासून यकृत साखर बनवतं. हे उचलून देण्याचं काम त्याच्या खाचेत बसलेलं ब-६ जीवनसत्त्व करतं. यकृताच्या पेशीत हे एन्झाइम रक्ताच्या मानाने हजारो पटींनी जास्त असतं. रक्तात त्याचं काहीही काम नसतं. जुन्या पेशी मरतात, त्यांच्यातलं थोडं सांडतं, म्हणून निरोगी माणसातही वीस-तीस आकडा दिसतो. साधारण चाळीसच्या वर गेला की रिपोर्टात तो ठळक छापतात.

त्या आकड्याची एक गंमत आहे, आणि ती तुमच्या गावात जास्त चांगली कळेल. प्रयोगशाळा एन्झाइमचं वजन करत नाही. ते इतकं थोडं असतं की वजन करणंच कठीण. त्याला कच्चा माल देतात आणि मिनिटाला किती माल पालटतो ते प्रकाशाच्या शोषणावरून मोजतात. शेडमध्ये न जाता, बाहेर आलेल्या कापडाचे मीटर मोजून आत किती माग चालू आहेत ते सांगावं, तसा हा हिशोब. ८८ म्हणजे एक लिटर रक्तद्रवातलं एन्झाइम मिनिटाला ८८ मायक्रोमोल (रेणू मोजायचं एक बारीक माप) माल पालटतं.

म्हणजे ‘एन्झाइम वाढले’ हे बोलणंच फसवं आहे. ते रक्तात वाढले. यकृतात जास्त बनू लागले असा त्याचा अर्थ सहसा होत नाही. ज्या पेशींत ते बंद असायला हवेत त्यांची आवरणं झिरपताहेत, पेशी दुखावल्या आहेत, असा होतो. रस्त्यावर तेल सांडलेलं दिसलं की आपण तेल पुसायला धावत नाही, टँकर कुठे फुटलाय ते बघतो. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर ‘वाढवा’ही नाही आणि ‘कमी करा’ही नाही. पेशी का दुखावल्या ते शोधा. ते थांबलं की आकडा आपोआप खाली येतो, कारण सांडलेलं एएलटी रक्तात फार टिकत नाही. साधारण दोन दिवसांत निम्मं होतं.

दुखावण्याची कारणं? आपल्याकडे सध्या सगळ्यात जास्त आढळणारं म्हणजे यकृतात साठलेली चरबी. पोट सुटलेलं, दिवस खुर्चीत, रक्तातली साखर काठावर, अशा पन्नाशीच्या माणसात डॉक्टरांना पहिली शंका तीच येते. एसजीपीटी हे एसजीओटीपेक्षा जास्त आहे, हेही तिकडेच बोट दाखवतं. दारूने झालेल्या इजेत बऱ्याचदा उलटं दिसतं, एसजीओटी दुप्पट किंवा जास्त. पण पत्रावरून निदान करायचं नसतं, आणि मी डॉक्टर नव्हे, त्यांना शिकवणारी होते. सोनोग्राफी टाळू नका. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी सांगितली आहे का ते विचारा. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, बघायला हवी का तेही विचारा. दारू पीत असतील तर किती ते डॉक्टरांना खरं सांगावं, तुमच्यासमोर नको असेल तर एकट्याने सांगावं. तपासणीत चरबीच आढळली, तर पहिला भरवशाचा उपाय म्हणजे वजन उतरवणं. शरीराचं सात ते दहा टक्के वजन उतरलं की यकृताची सूजसुद्धा कमी होते असं दिसलेलं आहे. ऐंशी किलोच्या माणसाने सहा-आठ किलो. १८५० रुपयांत चांगले चालायचे बूट येतात.

पुन्हा रक्त द्यायला जाताना आदल्या दोन-तीन दिवसांत अंगमेहनतीचं भलतं काम करू नये. एसजीओटी स्नायूंतही भरपूर असतं, एसजीपीटी थोडं असतं. सवय नसताना कापडाचे तागे उचलले तरी आकडा चढू शकतो. डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मात्र दोन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

डबा. त्यातलं एन्झाइम अस्सल आहे असंच धरू. ते प्रथिन आहे, आणि मिस्टर ते गिळणार म्हणजे पोहोचवणार कुठे, तर पेप्सिनच्या आणि आम्लाच्या तावडीत. आम्लात घडी बिघडते, पेप्सिन माळ कापतं, उरलंसुरलं ट्रिप्सिन संपवतं. लहान आतड्यातून रक्तात जातात ते सुटे मणी आणि त्यांचे बारके तुकडे, तुरीच्या वरणातून जातात तसेच. आख्खं एन्झाइम घडीसकट यकृताच्या पेशीत जाऊन कामाला लागेल, असा काही रस्ता नाही. ‘शरीरातील एन्झाइम वाढवते’ या वाक्याला मी प्रॅक्टिकलच्या वहीत लाल शाईने काट मारली असती.

ज्या एन्झाइमचं काम आतड्याच्या पोकळीतच असतं, ते तोंडाने घेऊन उपयोग होतो, हेही सांगायला हवं. स्वादुपिंड निकामी झालेल्यांना डॉक्टर त्याच्या एन्झाइमच्या कॅप्सूल देतात. आम्लातून सुखरूप जाव्यात म्हणून आतल्या दाण्यांवर लेप असतो, आणि त्या जेवणासोबत घ्याव्या लागतात. त्या रुग्णांसाठी ते खरं औषध आहे. पचनाच्या सिरपमध्ये असतं ते डायस्टेज हे खळ काढणाऱ्याचं भावंडच. जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने १८९४ मध्ये अमेरिकेत बुरशीपासून ते काढण्याचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून ते बाटलीत आहे. म्हणजे ‘तेच माझ्या पोटात घालणार का’ हा मिस्टरांचा टोमणा फारसा चुकलेला नाही. (प्रोसेसमधला कॅन मात्र प्रोसेसमध्येच राहू द्या, तो खाण्याच्या प्रतीचा नसतो.)

दुधाचा गॅस हा मात्र खरोखर एन्झाइमचा मामला असू शकतो. वन्संना तेवढं श्रेय द्या. दुधातली साखर, लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज लहान आतड्याच्या अस्तरात असतं, आणि जगातल्या बहुतेक माणसांत ते बाळपणानंतर कमी होत जातं. न फुटलेलं लॅक्टोज पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात, आणि गॅस होतो. हा दोषही नाही आणि साठा संपल्याची खूणही नाही. ग्लासभर दूध एकदम पिण्याऐवजी अर्धा कप जेवणासोबत घेऊन बघा. दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी थोडं लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं, म्हणून दही-ताक पुष्कळांना सोसतं. लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात आणि त्या कामही करतात, कारण त्यांचं काम आतड्यातच असतं. पण ताक असताना गोळी कशाला?

जन्मजात साठ्याची कल्पना गेल्या शतकात अमेरिकेतून आली आणि आता फॉरवर्ड होत होत पुण्यापर्यंत पोहोचली. पेशी रोज जुनी एन्झाइम मोडतात आणि त्यांच्या मण्यांतून नवी घडवतात. कृती जनुकांत लिहिलेली असते, ती वाचून संपत नाही. शिजवल्याने भाजीतली एन्झाइम मरतात हे खरं, पण ती भाजीच्या कामाची होती, तुमच्या नव्हे. चिरलेलं वांगं काळं पडतं ते वांग्याच्या एन्झाइममुळे. ते मेलं तर तुम्ही का रडावं? उलट शिजवल्याने स्टार्च फुगतो आणि आपलं अमायलेज त्याला जास्त सहज धरतं. काकडी-गाजर कच्चं खा, खुशाल खा. तंतू आहेत, चव आहे. नाचणीला मोड आणण्याची आपली पद्धत मात्र एन्झाइमचा खरा शहाणा वापर आहे. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं, आणि त्या पिठाची बाळाची पेज तेवढ्याच पिठात पातळ राहते, म्हणून बाळाच्या पोटात जास्त जाते. आपल्या आज्यांना अमायलेज हा शब्द माहीत नव्हता, पण वाटीतलं अन्न कसं वागतं ते माहीत होतं.

वन्संचं म्हणाल तर वाद घालू नका. भावाच्या रिपोर्टाने घाबरून बाईने हजार-दोन हजार खर्च केलेत, त्यामागची माया खरी आहे. सांगा, ‘‘डॉक्टरांनी सोनोग्राफी होईपर्यंत बाहेरचं काहीही घ्यायचं नाही असं सांगितलंय.’’ खोटं बोलावं लागू नये म्हणून तसं डॉक्टरांना खरोखर विचारूनच घ्या, ते हेच सांगतील. डब्याचा फोटो काढून त्यांना दाखवा. अशा डब्यांत एन्झाइमसोबत वनस्पतींचे अर्कही मिसळलेले असतात, आणि यकृताच्या दृष्टीने भीती एन्झाइमची कमी, त्या अर्कांची जास्त.

त्या पुढच्या वेळी येतील तेव्हा मुलीला मोबाइल ठेवायला लावून एवढं करा. भाताची पातळ पेज कोमट करून दोन वाट्यांत सारखी घाला. एकीत पावडरीचा चमचा तसाच टाका. दुसरीत चमचाभर पावडर पाण्यात पाच-सात मिनिटं खळखळून उकळून मग टाका. अर्धा तास कोमट जागी ठेवा, मग गार होऊ द्या, कारण गरम पेजेत आयोडिनचा रंग उतरत नाही. दोन्हींत जखमेला लावायच्या तपकिरी आयोडिनच्या औषधाचा एकेक थेंब सोडा. डब्यात अमायलेज असेल तर पहिली वाटी पातळ झालेली असेल आणि निळी होणार नाही, दुसरी गडद निळी होईल. दोन्ही निळ्या झाल्या तर १८५० रुपये कशाचे गेले ते वन्संना आपोआप दिसेल. पहिली वाटी पातळ झाली, तर चमच्याने हलवून त्यांच्यासमोर ठेवा आणि सांगा, की पावडरीचं काम हे एवढं, पेजेपुरतं. नंतर दोन्ही वाट्या मोरीत ओता, कुणी पिऊ नका.